डोलकाठीला टांगलेले घर : डिअरबॉर्नचे डायमॅक्सियन हाउस

अमेरिकेत डेट्रॉइटला लागून असलेल्या डिअरबॉर्न शहरात हेन्री फोर्ड म्युझियम आहे. तेथे एकाच छताखाली आगगाडीची अवाढव्य इंजिने, राष्ट्राध्यक्षांच्या मोटारी आणि रोझा पार्क्स यांनी ज्या बसमधील आपली जागा सोडायला नकार दिला ती बस ठेवलेली आहे, आणि त्यांच्या सोबतीला एक सबंध घर उभे आहे. ३६ फूट व्यासाचे, वाटोळे, ॲल्युमिनिअमच्या पत्र्याचे हे घर म्हणजे अमेरिकी संशोधक व रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांचे डायमॅक्सियन हाउस. हजारोंच्या संख्येने बांधायचे म्हणून आखलेल्या या घराचा हा एकच नमुना आज जगात शिल्लक आहे. म्युझियमच्या तिकिटातच ते आतून पाहता येते. मी ते आजवर तीनदा पाहिले. तिसऱ्या खेपेला या उन्हाळ्यात भारतातून आलेले आई-बाबा बरोबर होते आणि त्यांच्यामुळे ते मला नीट कळले असे वाटते.

संग्रहालयातील वस्तूबद्दल लिहिताना आपण सहसा मांडणीबद्दल बोलतो. येथे मी घराचेच परीक्षण करणार आहे, कारण विकण्याची वस्तू म्हणूनच ते जन्माला आले. कारखान्यात सुटे भाग बनवायचे, ते धातूच्या एका मोठ्या नळकांड्यात भरायचे, ट्रकने गिऱ्हाइकाच्या जागेवर न्यायचे आणि तेथे जोडायचे. किंमत ६,५०० डॉलर. तेव्हा वस्तूला लावायची कसोटीच या घराला लावणे न्याय्य ठरेल. माझे काम मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, साचे आणि डाय यांच्या विभागात आहे. बाबांची सगळी नोकरी एसटीच्या दापोडी कार्यशाळेत बसच्या बॉडीबांधणीवर गेली. ॲल्युमिनिअमचा पत्रा, रिव्हेट आणि गळणारे छप्पर या तीन गोष्टींवर त्यांच्याइतक्या अधिकाराने बोलणारा माणूस मला माहीत नाही.

हे घर विचिटा शहरातल्या विमानांच्या कारखान्यात बनले, पण त्याची गोष्ट तेथे सुरू होत नाही, ती बरीच मागे जाते. फुलर यांची थोरली मुलगी अलेक्झांड्रा १९२२ मध्ये चौथा वाढदिवस येण्यापूर्वीच गेली. तिच्या आजारपणाला आपले ओलसर, वारा शिरणारे घरही कारणीभूत होते, ही बोच त्यांना आयुष्यभर राहिली. पुढे सासऱ्यांबरोबर त्यांनी भिंतींसाठी हलके ठोकळे बनवण्याचा व्यवसाय केला आणि त्यात दोनशेहून अधिक इमारती बांधल्या. घर बांधताना पैसा आणि वेळ कुठे मुरतो हे त्यांनी तेथे पाहिले. १९२७ मध्ये तो व्यवसायही हातचा गेला. त्यानंतर शिकागोत राहून त्यांनी जे घर कागदावर मांडले, त्याला ना पाया होता ना भार पेलणाऱ्या भिंती; मध्ये एक खांब आणि त्याला तारांनी टांगलेले षट्कोनी घर. १९२९ मध्ये शिकागोच्या मार्शल फील्ड या मोठ्या दुकानात त्याची प्रतिकृती मांडली गेली. नव्या फर्निचरशेजारी मांडायच्या या प्रतिकृतीला भारदस्त नाव हवे होते, म्हणून दुकानाच्या जाहिरात विभागातील वाल्डो वॉरेन यांनी फुलर यांच्याच तोंडी सतत येणारे शब्द जोडून ‘डायमॅक्सियन’ हा शब्द घडवला. पुढे फुलर यांनी तो आपल्या मोटारीला, न्हाणीघराला आणि जगाच्या नकाशालाही दिला.

समोरच्या माणसाला ‘तुमच्या घराचे वजन किती?’ असे विचारण्याची फुलर यांना सवय होती. प्रश्न वाटतो तितका विचित्र नाही. विमान बांधणारा पहिला हिशेब वजनाचा करतो, जहाज बांधणाराही करतो. घर बांधणारा मात्र कधीच करत नाही, आणि म्हणून गरजेपेक्षा कितीतरी अधिक माल घरात जातो, असे त्यांचे म्हणणे होते. डिअरबॉर्नच्या या घराचे वजन सुमारे ३ टन आहे. १,०१७ चौरस फुटांच्या, दोन निजण्याच्या खोल्या आणि दोन न्हाणीघरे असलेल्या घराचे हे वजन आहे, हे लक्षात घेतले की माझ्यासारख्या कारखान्यातल्या माणसाचा हात आपोआप कागद-पेन्सिलीकडे जातो.

हे साधले ते ताणाच्या जोरावर. आपली घरे दाबावर उभी असतात : वीट विटेवर बसते, भिंत पायावर बसते, आणि खालच्याने वरच्याचा भार सोसायचा असतो. येथे मध्यभागी पोलादी नळ्यांचा एक जुडगा डोलकाठीसारखा उभा आहे आणि बाकी सारे घर त्याच्यापासून तारांनी व कड्यांनी टांगून ताणलेले आहे. सायकलचे चाक इतके हलके असून माणसाचे वजन पेलते, ते आरे ताणलेले असतात म्हणून, तसेच हे. बाहेरचा पत्रा भार पेलत नाही, तो फक्त अंगरखा आहे. म्हणूनच घराच्या सबंध घेराला लागून अखंड खिडकी फिरवता आली. ती काचेची नाही, पारदर्शक प्लास्टिकची आहे, आणि तीही विमानातूनच आलेली.

विमानाचा संबंध केवळ सामानापुरता नव्हता. १९४० च्या सुमारास अमेरिकेच्या मध्य भागातील शेतांवर दिसणाऱ्या पत्र्याच्या गोल कणग्या पाहून फुलर यांनी त्यांच्यापासूनच राहण्याजोगी खोली तयार केली होती, आणि कॅन्सस सिटीच्या बटलर कंपनीने बनवलेल्या अशा खोल्या युद्धकाळात अमेरिकी सैन्याने वापरल्या. युद्ध संपत आले तेव्हा कॅन्सस राज्यातील विचिटा शहरात बीच एअरक्राफ्टच्या कारखान्यापुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. विमानांची मागणी थांबणार, हे जाणून कामगार आधीच नोकऱ्या सोडू लागले होते. दुसरीकडे लाखो सैनिक घरी परतणार होते आणि त्यांना राहायला घरे नव्हती. कारखाना तोच, पत्रा तोच, रिव्हेट मारणारे हातही तेच. विमानाऐवजी घर बाहेर काढायचे. १९४४ ते १९४६ या काळात तेथे घराचे नमुने तयार झाले. बातमी छापून येताच, कोणतीही जाहिरात न करता, हजारो लोकांनी घराची मागणी नोंदवली.

आता आत जाऊ. पायरी चढल्यावर बाबांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे पत्र्याच्या जोडाजवळ तोंड नेऊन रिव्हेटची रांग पाहिली. दोन रिव्हेटांमधले अंतर सर्वत्र सारखे आहे का, डोके पत्र्यावर सपाट बसले आहे का, जोडाशी पत्रा कुठे फुगला आहे का, हे त्यांनी नजरेनेच तपासले. हात लावायची परवानगी नव्हती, तरी त्यांची बोटे हवेतच त्या रांगेवरून फिरत होती. “काम विमानवाल्यांचे आहे,” एवढेच ते म्हणाले. त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

खोल्यांमध्ये भिंती अशा नाहीत. सामान ठेवण्याचे मोठे कप्पे आडवे उभे केले आहेत आणि तेच खोल्या वेगळ्या करतात. या कप्प्यांमध्ये घराची खरी कारागिरी दडलेली आहे. कपाटात एकाखाली एक फळ्या आहेत, पण त्या जागच्या जागी नाहीत. कळ दाबली की रहाटगाडग्याच्या पोहऱ्यांप्रमाणे त्या वरून खाली आणि मागून पुढे फिरतात आणि हवी ती फळी हाताच्या उंचीवर येऊन थांबते. वाकायला नको, स्टुलावर चढायला नको. आईचे गुडघे गेली पाच वर्षे दुखतात. मार्गदर्शकाने कळ दाबली, फळ्या फिरू लागल्या, आणि आईने ते पुन्हा एकदा दाखवायला सांगितले. त्यांनी आनंदाने दाखवले. कोट आणि टोप्या टांगण्याचे कपाटही असेच गोल फिरते.

न्हाणीघर ही फुलर यांची जुनी आणि स्वतंत्र निर्मिती आहे. १९३० च्या दशकात त्यांनी तांब्याच्या पत्र्यापासून साच्यात दाबलेल्या मोजक्या भागांचे न्हाणीघर बनवले आणि १९४० मध्ये त्याचे पेटंट घेतले. सगळे कोपरे वळवलेले, म्हणजे मळ धरायला सांधाच नाही. मोटारीचा दरवाजा जसा एका दाबात साच्यातून बाहेर पडतो, तसे हे न्हाणीघर पडावे ही कल्पना. रोज साच्यांबरोबर वावरणारा माणूस म्हणून सांगतो, की घरातला सर्वांत पक्का, उत्पादनासाठी सर्वांत तयार असलेला भाग हाच आहे.

स्वयंपाकघर मात्र मनात भरत नाही. ते वाटोळ्या घराच्या एका फाकेत बसवलेले आहे आणि दोन माणसे एका वेळी वावरू लागली तर अडचण व्हावी असे आहे. आईने विचारले की पुढे कुटुंबात माणूस वाढला, किंवा माहेरचे जुने कपाट आणायचे झाले, तर ते लावायचे कुठे? प्रश्न अगदी नेमका होता. घराच्या बाहेरच्या भिंती वक्र आणि आतल्या भिंती म्हणजे कारखान्यातून आलेली कपाटे. आपले म्हणून जे काही आणायचे, त्याच्यासाठी जागा सोडलेली नाही. घर सगळे ठरवून देते. मोटारीत हे चालते, कारण मोटारीत आपण तासभर बसतो.

इतके चांगले बनलेले आणि इतकी मागणी असलेले घर विकले का गेले नाही? कामगार संघटनांपासून सावकारांपर्यंत अनेकांना यात दोष दिला जातो, आणि उत्पादन सुरू करण्यासाठी साचे व यंत्रे यांवर फार मोठे भांडवल घालावे लागणार होते हेही खरे आहे. पण माझ्या मते मुख्य कारण आमच्या विभागात रोज घडणाऱ्या गोष्टीसारखे आहे. साचा कापण्यापूर्वी एक दिवस असा येतो की त्यानंतर ड्रॉइंगमध्ये बदल करायचा नाही. आम्ही त्याला ड्रॉइंग गोठवणे म्हणतो. त्या दिवशी आराखड्यात उणिवा असतातच. त्या ठाऊक असूनही सही करावी लागते, कारण सहीशिवाय साचा नाही आणि साच्याशिवाय वस्तू नाही. फुलर यांनी ती सही केली नाही. आराखडा अजून तयार नाही, उभारणी आणि देखभाल करणारी माणसे अजून तयार नाहीत, असा त्यांचा आग्रह राहिला. गुंतवणूकदारांचा धीर सुटला आणि १९४६ मध्ये या घरांसाठी काढलेली कंपनी मोडली. वीस वर्षे ज्या दिवसाची वाट पाहिली, तो दिवस दारात आला असताना त्यांनी दार उघडले नाही. मला याचे फार वाईट वाटते, कारण आराखड्यातल्या उणिवा घरे वापरात आल्यावरच दुरुस्त होतात. कागदावर होत नाहीत.

त्याच काळात ब्रिटनमध्ये विमानांच्या कारखान्यांनी ॲल्युमिनिअमची तयार घरे खरोखरच बाहेर काढली, आणि तीही ५४,००० च्या घरात. ती चौकोनी, साधी, कोणाच्याही स्वप्नात न येणारी घरे होती. चार तुकड्यांत लॉरीवरून येत आणि जागेवर जोडली जात. अमेरिकेत ओहायो राज्यातील लस्ट्रॉन कंपनीने मीनाकाम केलेल्या पोलादी पत्र्याची सुमारे २,५०० घरे विकली आणि १९५० मध्ये तिचे दिवाळे निघाले. फुलर यांच्या घराच्या सर्वांत जवळचे नाते सांगणारे घर पुढे फिनलंडमध्ये आले : मॅटी सूरोनेन यांचे १९६८ चे फ्युटुरो, आठ मीटर व्यासाची प्लास्टिकची उडती तबकडी, मुळात बर्फातल्या सहलीसाठी केलेली झोपडी. तीही शंभराच्या आतच राहिली, कारण १९७३ नंतर खनिज तेल महागले आणि त्याबरोबर प्लास्टिकही. गोल घरांपैकी एकही गल्लीबोळात पोहोचले नाही, चौकोनी घरे पोहोचली. आईच्या कपाटाचा प्रश्न मला येथे पुन्हा आठवतो.

डायमॅक्सियन घराचे पुढे जे झाले, ते मला मूळ कल्पनेहून अधिक बोलके वाटते. कंपनीतील एक गुंतवणूकदार विल्यम ग्रॅहम यांनी नमुन्यांचे भाग आणि उरलेसुरले सामान विकत घेतले. १९४८ मध्ये विचिटाजवळ तळ्याकाठच्या आपल्या जागेत त्यांनी दोन नमुन्यांच्या भागांतून एक घर उभे केले. पण ते स्वतंत्र राहिले नाही. एका साध्या बैठ्या घराला ते जोडले गेले. छतावरचा, वाऱ्याबरोबर फिरणारा आणि घरातली हवा खेळती ठेवणारा वायुवीजक बंद करून टाकला गेला, आतल्याही काही सोयी मोडल्या गेल्या. त्या घरात ग्रॅहम कुटुंब १९७० च्या दशकापर्यंत राहिले. वस्तू बनवणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर ही नासधूस आहे. बाबांच्या मते मात्र घर तेव्हाच घर झाले. ते म्हणाले, “आम्ही पाठवलेली गाडी आगारात गेली की तिथले मिस्त्री पहिल्या महिन्यात तिच्यात चार बदल करायचे. राग यायचा. पण गाडी चालायची ती त्या चार बदलांमुळेच.” मला वाटते, फुलर यांनी १९४६ मध्ये सही केली असती तर असे चार बदल हजारो घरांमध्ये झाले असते आणि त्यांतले चांगले दोन पुढच्या साच्यात आले असते.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रॅहम कुटुंबाने घर आणि शिल्लक भाग हेन्री फोर्ड म्युझियमला दिले. एकेक भाग सुटा करून, साफ करून, मूळ कागदपत्रांशी पडताळून म्युझियमच्या लोकांनी ते पुन्हा उभे केले आणि २००१ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. या कामाबद्दल माझ्या मनात निखळ आदर आहे. पुढे इतक्या लोकांची पावले पडली की जमिनीखालच्या ॲल्युमिनिअमच्या तुळयांना भेगा गेल्या आणि त्याही दुरुस्त कराव्या लागल्या. एका कुटुंबासाठी आखलेल्या घरावर सबंध देशाची वर्दळ आली, दुसरे काय होणार?

प्रदर्शन म्हणून एक मर्यादा पाहणाऱ्याने मनाशी धरून जावी. हे घर हवा आणि पाणी यांच्यासाठी आखलेले आहे आणि येथे ते बंद दालनात उभे आहे. छतावरचा वायुवीजक वाऱ्याची दिशा पाहून वळावा आणि आतली हवा ओढून घ्यावी ही या घराची मुख्य युक्ती, पण दालनात वाराच नाही. कॅन्ससच्या सपाट माळावर हे घर वादळवाऱ्याला कसे वाट करून देत असेल, याची कल्पनाच करावी लागते. घर टिकवायचे तर दुसरा उपाय नव्हता हे मान्य आहे. शक्य असल्यास आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जावे. शाळांच्या सहली नसतील तर मार्गदर्शकाशी निवांत बोलता येते. आत जाण्यापूर्वी बाहेरून एक पूर्ण फेरी मारावी, म्हणजे जमिनीचा कठडा आणि छताची कडा यांच्यातली ताणलेली रचना लक्षात येते.

बाबांची ती फेरी लांबली. ते छताच्या पत्र्यांचे सांधे पाहत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी मला हाक मारून सांगितले, की या सांध्यांवर ना रबर आहे ना सीलंट, पहिल्या पावसातच हे गळणार. मी त्यांचा प्रश्न मार्गदर्शकाला इंग्रजीत विचारला. त्यांनी सांगितले ते ऐकून बाबा स्तब्ध झाले. छप्पर गळावे अशीच योजना होती. इतके सगळे सांधे पूर्ण जलबंद करणे अवघड आणि खर्चाचे. त्यापेक्षा पाणी सांध्यांतून आत झिरपू द्यायचे, छताच्या आतल्या बाजूने ओघळत कडेला न्यायचे, तेथे आतल्या पन्हळीत धरायचे आणि टाकीत साठवून वापरायचे. ही आतली पन्हळ नेमकी कशी होती याचा पुरावा मात्र मिळाला नाही, म्हणून प्रदर्शनातल्या घरात ती काही अंशी वगळलेली आहे.

तीस पावसाळे बाबांनी बसची छपरे गळू नयेत म्हणून घालवले होते. परतीच्या वाटेवर ते काही बोलले नाहीत. रात्री जेवण झाल्यावर त्यांनी माझ्या मुलीची वही आणि पेन्सिल मागून घेतली, ३६ फुटांचे वर्तुळ प्रमाणात काढले, आणि त्याच्या कडेला आतून पन्हळ कशी बसवता येईल, उतार कुठल्या बाजूला ठेवावा, टाकीचे तोंड कुठे असावे, हे ते उशिरापर्यंत मांडत बसले होते.